पूरप्रवण वस्तीबाबत महापालिकेची जबाबदारी कोणती आणि ती कशी मागावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांचे तळमजल्याचे घर सांगलीत कर्नाळ रस्त्याच्या बाजूच्या सखल वस्तीत असून २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत घरात पाणी आले. महापालिकेत गेले की धरणातून पाणी सोडणे पाटबंधारे खात्याच्या हाती असल्याचे सांगतात. पाटबंधारे खात्यात गेले की या जागी घरे बांधायला परवानगी आम्ही दिली नव्हती असे ऐकावे लागते. आणि तहसील कचेरीत पंचनाम्यापलीकडे बोलणे जात नाही. पुराबाबत कायद्याने महापालिकेवर नेमकी कोणती जबाबदारी आहे आणि नागरिकाने तिच्याकडे काय मागावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

नदीकाठच्या शहरांमध्ये आधी अभियांत्रिकी विभागात आणि नंतर आपत्ती व्यवस्थापन कक्षात मी बरीच वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की ‘पुराला जबाबदार कोण’ असे विचारले तर तिन्ही कार्यालये खरे बोलूनही आपल्याला रिकाम्या हाताने परत पाठवू शकतात, कारण नदीत किती पाणी येणार हे महापालिका खरोखरच ठरवत नाही. पण सांगलीत कृष्णेवर असलेल्या आयर्विन पुलाजवळची पातळी अमुक फुटांवर गेली म्हणजे कोणत्या गल्लीत, कोणत्या वाटेने आणि किती पाणी शिरेल, आणि तेथील माणसे कधी व कोठे हलवायची, हे सांगू शकणारी यंत्रणा शहरात एकच आहे आणि ती महापालिका आहे. तिची बहुतेक सारी जबाबदारी या एका मुद्द्यातून निघते, म्हणून आपला प्रश्नही तेथूनच सुरू व्हायला हवा.

कायदा आधी पाहू. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. जिल्ह्याचा आराखडा करणे, धोक्याच्या जागेतून लोकांना हलवणे, वाहने व इमारती ताब्यात घेणे हे अधिकार त्या प्राधिकरणाचे आहेत. त्याच अधिनियमाच्या कलम ४१ मध्ये स्थानिक प्राधिकरणांची कर्तव्ये वेगळी सांगितली आहेत. कर्मचारी प्रशिक्षित असणे, आपत्तीत लागणारी साधने तत्काळ वापरता येतील अशा स्थितीत असणे, आपल्या हद्दीतील बांधकामे आपत्ती टाळण्यासाठी ठरवलेल्या मानकांप्रमाणे होणे, आणि बाधित भागात मदत व पुनर्वसनाचे काम राज्य व जिल्हा आराखड्याप्रमाणे पार पाडणे, ही ती कर्तव्ये होत. ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका, जिल्हा परिषद, कटक मंडळ या सर्वांना हे कलम लागू आहे. यातले तिसरे कर्तव्य लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. पुराचे काम म्हणजे बोटी आणि अन्नाची पाकिटे अशी समजूत असते, पण बांधकाम परवानगी देणाऱ्या टेबलालाही कायद्याने पूर व्यवस्थापनाचा भाग मानले आहे.

२०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करण्याची तरतूद झाली असून त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी असतील. ‘हा विषय जिल्हाधिकारी कार्यालयाचा’ हे उत्तर शहरापुरते तरी पूर्वीइतके चालणारे नाही. शिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे गटारे व नाले बांधणे आणि सुस्थितीत ठेवणे हे महापालिकेचे बंधनकारक काम आहे.

आता सांगलीच्या नदीविषयी थोडे सांगतो, कारण जबाबदारीची मर्यादा तेथेच कळते. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. त्यामुळे सांगलीतील पातळी केवळ कोयनेच्या विसर्गावर ठरत नाही. वारणा आणि पंचगंगा एकाच वेळी भरून वाहत असतील, तर खालचे पाणी पुढे सरकत नाही आणि त्याचा फुगवटा सांगलीपर्यंत येतो. शिवाय धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटात पडणारा पाऊस कोणत्याही दरवाजाने अडत नाही. धरणांचे परिचालन, पाणी कधी व किती सोडायचे आणि त्याची आगाऊ सूचना देणे हे काम जलसंपदा विभागाचे, म्हणजे लोक ज्याला पाटबंधारे खाते म्हणतात त्याचे आहे. त्याबद्दलची तक्रार तेथेच करावी. पण त्या विभागाचा संदेश येतो तो क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) आणि फुटांमध्ये, आणि आपल्या गल्लीतल्या आजीबाईंना क्युसेकचा काही उपयोग नाही.

आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ हेच आकडे ३९ आणि ४३ फूट आहेत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या भागांत शहराच्या इतर भागांच्या आधी पाणी येते, हे सांगलीत सर्वांना ठाऊक आहे. पण ‘सर्वांना ठाऊक आहे’ आणि ‘कागदावर आहे’ यात फार मोठे अंतर असते. महापालिकेकडे पातळीनिहाय तक्ता असायला हवा: अमुक फुटांना कोणत्या चौकातला रस्ता बंद होतो, त्यानंतरच्या फुटाला कोणत्या घरांच्या उंबऱ्याला पाणी लागते, तेथे किती कुटुंबे आहेत, त्यांत अंथरुणाला खिळलेले, गरोदर, अपंग किती, जनावरे किती, आणि या सर्वांना कोणत्या शाळेत न्यायचे.

हा तक्ता करताना एक तांत्रिक अडचण येते. नदीचे पाणी तलावासारखे सपाट नसते, त्याला वाहण्याच्या दिशेने उतार असतो. म्हणून पुलाजवळची पातळी घेऊन ती थेट गल्लीच्या जमिनीच्या उंचीशी जोडली, तर पुलाच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना हिशेब चुकतो. याला सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे जुन्या पुरांच्या खुणा. भिंतीवर राहिलेल्या ओलीच्या रेषा, देवळाची पायरी, विजेच्या खांबावरचा गाळ यांची उंची मोजायची, तेव्हाची पुलावरची पातळी नोंदवहीतून काढायची आणि दोन्हींचा मेळ घालायचा. हे काम पाणी ओसरल्यावर थोड्याच दिवसांत करावे लागते, कारण लोक भिंती धुतात, रंग देतात आणि पुरावा जातो. आम्ही हे काम कनिष्ठ अभियंत्यांबरोबर त्या गल्लीत राहणाऱ्या लोकांना घेऊन करत असू, आणि लोकांची आठवण मोजमापाला फार उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे.

मात्र जुनी खूण ही कमाल मर्यादा नव्हे, हेही त्या तक्त्यात ठळकपणे लिहावे लागते. २०१९ मध्ये कृष्णाकाठी असंख्य कुटुंबांनी सामान २००५ च्या खुणेच्या थोडे वर ठेवले आणि स्वतः घरातच थांबली. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि २००५ ची खूण पाण्याखाली गेली. लोक अडाणीपणाने थांबले नव्हते; हातात असलेल्या एकमेव माहितीवर त्यांनी निर्णय घेतला होता. त्यापेक्षा चांगली माहिती देणे हे प्रशासनाचे काम होते. त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना घेऊन निघालेली बोट उलटून अनेकांचा जीव गेला. साधने तयार आणि कर्मचारी प्रशिक्षित असावेत, हे कलम ४१ मधले कोरडे वाटणारे वाक्य त्या बोटीवर क्षमतेपेक्षा जास्त माणसे चढत असताना जिवंत होते. बोट असणे पुरेसे नसते. ती कोणी चालवायची, किती जणांना घ्यायचे, जीवरक्षक जाकिटे कोठे ठेवली आहेत आणि शेवटचा सराव कधी झाला, याची नोंद लागते.

सूचनेला किती वेळ मिळतो, हे मात्र जागेवर अवलंबून आहे. सांगलीला वरच्या धरणांतून निघालेले पाणी लांबचा प्रवास करून येते, त्यामुळे तयारीला तुलनेने अवधी मिळतो. पुण्यात तसे नाही. खडकवासला धरणाची साठवण दोन टीएमसीच्याही (अब्ज घनफुटांच्याही) आत आहे; वरच्या धरणांतून व पाणलोटातून येणारे पाणी ते फार काळ धरून ठेवू शकत नाही, आणि सोडलेले पाणी थोड्याच वेळात सिंहगड रस्त्याच्या वस्तीत पोहोचते. जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पहाटे पाणी शिरले तेव्हा हे पुन्हा दिसले. अशा ठिकाणी विसर्ग वाढवण्याच्या निर्णयाचा संदेश प्रभागातल्या माणसापर्यंत रात्रीसुद्धा काही मिनिटांत जाण्याची साखळी हवी, आणि त्या साखळीतल्या प्रत्येकाचे नाव व पर्यायी व्यक्तीचे नाव आधी ठरलेले हवे. ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ हा संदेश मी तरी सूचना मानत नाही, कारण तो वाचून कोणाला काय करायचे ते कळत नाही.

दुसरा मोठा विषय नाल्यांचा. पूर म्हणजे नदी काठ ओलांडून येते असे आपण समजतो, पण बहुतेक सखल वस्त्यांत पाणी त्याआधीच मागच्या दाराने आलेले असते. नदी चढली की सांगलीतल्या शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून आणि पावसाळी गटारांतून पाणी उलटे शहरात शिरते. नाला नदीला मिळतो तेथे एकाच दिशेने उघडणारी झडप असेल, तर नदीचे पाणी थोपते. पण झडप बंद असताना शहरात पडणाऱ्या पावसाचे आणि सांडपाण्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. त्यासाठी पंप हवेत, त्यांना पुराच्या पातळीच्या वर बसवलेला वीजपुरवठा हवा आणि डिझेलचा साठा हवा. झडपेत एखादा ओंडका किंवा प्लास्टिकचा गठ्ठा अडकला तरी ती पूर्ण बसत नाही, म्हणून पावसाळ्यापूर्वी ती प्रत्यक्ष उघडून आणि मिटून पाहावी लागते. एक सावधगिरीही सांगायला हवी: या उपायाने कमी व मध्यम उंचीच्या पुरात फरक पडतो, २०१९ सारख्या पुरात काठच ओलांडला गेल्यावर झडपेचा उपयोग राहत नाही. त्यामुळे कोणी झडपा बसवून आपला भाग पूरमुक्त करण्याचे आश्वासन देत असेल, तर कोणत्या पातळीपर्यंत, हे विचारा.

नालेसफाईच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. किती टन गाळ काढला, हा आकडा मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. सफाईपूर्वी आणि सफाईनंतर तळाची पातळी ठराविक अंतरावर मोजून दोन्ही आकडे शेजारी लिहिले, तरच काम झाले की नाही ते कळते. काढलेला गाळ काठावरच ठेवला, तर पहिल्या जोरदार पावसात तो परत आत जातो. शिवाय नाला जेथे रस्त्याखालून जातो ती मोरी आणि नाल्यातून आडव्या गेलेल्या पाण्याच्या किंवा केबलच्या नळ्या याच जागा खऱ्या अर्थाने पाणी अडवतात. नाल्याची पाहणी करायला जाल तेव्हा मोकळ्या भागाचे छायाचित्र काढण्यापेक्षा मोरीचे काढा.

आता बांधकाम परवानगीकडे येतो, जेथे महापालिकेची जबाबदारी कोणाकडेही ढकलता येत नाही. जलसंपदा विभाग निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असा त्यामागचा हिशेब आहे. नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तेथे बाग, वाहनतळ, स्मशानभूमी असे मोजके वापर सोडले तर नवे बांधकाम होऊ नये. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधकाम करता येते, पण राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे जोत्याची (घर ज्या चौथऱ्यावर उभे राहते त्याची) पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवी. रेषा आखणे जलसंपदाचे काम असले, तरी ती विकास योजनेच्या नकाशावर उतरवणे, परवानगी देताना ती पाहणे, जोते तपासणीच्या वेळी प्रत्यक्ष पातळी मोजणे आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी पुन्हा खात्री करणे, हे सर्व महापालिकेचे आहे. माझ्या अनुभवात गळती बहुधा जोते तपासणीत होते. नकाशावर पातळी बरोबर लिहिलेली असते, पण जागेवर पातळी मोजायची दुर्बीण लावून ती कोणी पाहत नाही.

आपल्या भागात गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या प्लॉटांचा, गुंताही आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अनेक वसाहती नियमित झाल्या आणि तेथील कुटुंबांना कागदोपत्री सुरक्षितता मिळाली, ते योग्यच झाले, कारण ती माणसे नाइलाजाने स्वस्त आणि सखल जमिनीवर राहायला आली होती. पण नियमितीकरणाने जमिनीची उंची वाढत नाही. ज्या वसाहतीला महापालिकेने नियमित केले, तिच्या पुराची तयारी करण्याचे कर्तव्य त्या निर्णयाबरोबरच तिच्याकडे आले, असे मी मानतो. याला जोडूनच भरावाचा मुद्दा येतो. एकाने मुरूम टाकून प्लॉट उंच केला की पाणी शेजाऱ्याकडे वळते, आणि नदीपात्रात किंवा नाल्याच्या काठी राडारोडा टाकला की वाहण्याची जागाच कमी होते. बांधकामाच्या राडारोड्याबाबत २०१६ पासून केंद्राचे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी स्थानिक संस्थेकडे आहे. असा भराव दिसला, तर तारखेसह छायाचित्र आणि गट क्रमांक देऊन लेखी तक्रार करा. पूर आल्यानंतर हा मुद्दा मांडला, तर तो सिद्ध करणे फार अवघड जाते.

पाणीपुरवठा आणि निवारा यांबद्दल थोडक्यात. २०१९ मध्ये कोल्हापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे चहूकडे पाणी असताना नळाला पाणी नव्हते. उपसा केंद्रातील मोटारी व विजेचे फलक पुराच्या पातळीच्या वर नेणे हे पूर्णपणे स्थानिक संस्थेचे काम आहे आणि त्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. निवारा केंद्र निवडताना इमारत उंचावर आहे एवढेच पाहून चालत नाही. तिच्याकडे जाणारा रस्ता मध्येच एखाद्या सखल चौकातून जात असेल, तर ती इमारत दुसऱ्या दिवशी बेट होते. स्त्रियांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे, जनावरांसाठी जागा आणि रिकाम्या घरांवर पोलिसांची गस्त, या तीन गोष्टींची खात्री मिळाली तर लोक वेळेवर बाहेर पडतात. पूर ओसरल्यावर गाळ काढणे, मेलेली जनावरे उचलणे, पाण्याचे शुद्धीकरण आणि लेप्टोस्पायरोसिससारख्या आजारांवर लक्ष ठेवणे ही कामे महापालिकेची आहेत. आर्थिक मदत मात्र राज्य शासनाच्या निकषांप्रमाणे महसूल यंत्रणेमार्फत मिळते; तीबाबत महापालिकेकडे खेटे घालण्यात वेळ जाईल.

एवढ्यावरून जबाबदारीची विभागणी अशी दिसते: पाण्याचा विसर्ग आणि पूररेषा जलसंपदाकडे, स्थलांतराचा आदेश आणि मदत जिल्हा प्रशासनाकडे, आणि गल्लीची माहिती, नाले, बांधकाम, पाणीपुरवठा व निवारा महापालिकेकडे.

मग मागायचे काय? ‘पुराबाबत कार्यवाही करावी’ असा अर्ज देऊ नका. त्याला ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर येते. माहिती अधिकाराखाली ठराविक कागद मागा. आपल्या प्रभागाचा पातळीनिहाय तक्ता आणि स्थलांतराचा आराखडा, पूररेषा दाखवणारा विकास योजनेचा नकाशा, आपल्या नाल्याच्या सफाईपूर्वीच्या व नंतरच्या तळपातळ्या, झडपा व पंपांच्या चाचणीची तारीख, आणि बोटी व प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची यादी. कायद्याप्रमाणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. कागद मिळाले तर त्यातल्या उणिवा दाखवता येतात, आणि असा कागदच नाही असे लेखी उत्तर आले, तर आयुक्त व जिल्हा प्राधिकरणाकडे जाण्यासाठी तेच उत्तर पुरेसे बळकट असते. जमले तर एकट्याने न जाता गल्लीतल्या लोकांच्या सह्या घ्या.

निधी नसल्याचे कारण पुढे येईल. ते अनेकदा खरेही असते, लहान नगरपरिषदांच्या बाबतीत तर नक्कीच. पण रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे की गटारे आणि स्वच्छतेसारखी मूलभूत वैधानिक कर्तव्ये टाळण्यासाठी पैशांची अडचण हे कारण चालत नाही. शिवाय वर सांगितलेल्या कामांपैकी तक्ता करणे, खुणा रंगवणे, मोरी मोजणे, झडप तपासणे आणि सराव घेणे यांना फार मोठा खर्च लागत नाही. नदीकाठच्या भिंतीसारख्या कोट्यवधींच्या कामांची मागणी होत असताना ही कामे मागे पडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शेवटी आपल्या घराबद्दल. ते निळ्या रेषेच्या आत आहे की निळ्या-लाल रेषांच्या मध्ये, यावर पुढचा सल्ला अवलंबून आहे, म्हणून आधी नगररचना विभागातून ते तपासून घ्या. दोन रेषांच्या मध्ये असेल, तर पुनर्बांधणीच्या वेळी जोते उंच करणे, विजेचा मीटर व फलक वर नेणे आणि तळमजल्याचा वापर बदलणे यातून नुकसान बरेच कमी होऊ शकते, आणि महापालिकेच्या नाल्याच्या कामाचाही आपल्याला लाभ मिळेल. निळ्या रेषेच्या आत असेल, तर तळमजल्यावर नवा खर्च करू नका. तेथे महापालिकेने सर्व कामे चोख केली तरी पाणी येणारच, आणि आपली खरी मागणी वेळेवर सूचना व पुढे पुनर्वसन हीच असायला हवी. अर्ज पाणी ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास द्या. महापालिकेच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव जानेवारी-फेब्रुवारीत होते आणि त्याआधी पोहोचलेल्या मागणीला त्यात जागा मिळण्याची शक्यता असते. जूनमध्ये दिलेला अर्ज पुढच्या वर्षावर जातो.